एका विमानाचे आत्मवृत्त

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे, फक्त मध्ये मध्ये हरवलेली वाक्यं पूर्ण केली आहेत.)

पहिल्या रांगेत बसलेले आपले सर आणि बाई, आणि मागच्या रांगांमध्ये अजूनही एकमेकांचे फोटो काढणारे माझे वर्गमित्र-मैत्रिणी,

मला संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे की कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. ही अट कुणी सुचवली असेल ते मला माहीत आहे, पण नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

तर मी आज एका विमानावर बोलणार आहे. हा विषय सुचण्याचं कारण आपले मराठीचे सर. नववीत असताना सरांनी आत्मवृत्ताचा निबंध घातला होता. तेव्हा सगळे फाटक्या छत्रीचं किंवा पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त लिहायचे. मी जरा शहाणी, म्हणून ‘एका विमानाचे आत्मवृत्त’ लिहिलं. ढग, पक्षी, इंद्रधनुष्य, सगळं भरलं होतं. सरांनी लाल शाईने खाली एकच ओळ लिहिली: ‘कुठलं विमान? कुणाचं? बसलं कोण होतं त्यात?’ आणि दहापैकी पाच. सर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवत नाहीये. मला आठवतंय.

त्या तीन प्रश्नांची उत्तरं मला २०१८ साली माद्रिदमध्ये मिळाली.

कामासाठी सहा आठवडे तिथे होते. शनिवार-रविवार मोकळे. माझ्यासोबत काम करणारा तिथला एक सहकारी, वयाने माझ्याएवढाच, त्याला मी म्हटलं की मला विमानांचं संग्रहालय बघायचंय. शहराच्या नैर्ऋत्येला कुआत्रो व्हिएन्तोस नावाचा जुना विमानतळ आहे. नावाचा अर्थ ‘चार वारे’. १९११ पासूनचा, स्पेनमधला सगळ्यात जुना लष्करी विमानतळ. त्याला लागूनच हवाई दलाचं संग्रहालय आहे. तो मला गाडीने सोडायला आला, पण आत आला नाही. म्हणाला, तू जा, मी बाहेर कॉफी घेतो. मला वाटलं कंटाळा असेल.

आत एका शेडमध्ये एक दोन मजली पंखांचं, दोन इंजिनांचं, लाकूड आणि कापडाचं विमान उभं होतं. फार देखणं. पंख टोकाला निमुळते होत गेलेले, चाकांवर बूट घातल्यासारखी आवरणं. अंगावर अक्षरं: जी-एसीवायआर. डी हॅविलँड कंपनीचं ड्रॅगन रॅपिड. पाटीवर जनरल फ्रँकोचं नाव होतं. फ्रँको म्हणजे कोण हे मला इतिहासाच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतंच माहीत होतं. बाई, तुमची चूक नाही, ते प्रकरण परीक्षेला ऑप्शनला टाकण्यासारखं होतं.

हॉटेलवर आल्यावर मी शोधायला लागले, आणि मग उरलेले सगळे शनिवार-रविवार त्यातच गेले.

विमान शोधणं हे आमच्या कामासारखंच असतं, म्हणून मला ते आवडलं. (हे कॉम्प्युटरवर बोलणं नाही, उदाहरण आहे.) प्रत्येक विमानाला नोंदणीची अक्षरं असतात. पहिलं अक्षर देशाचं: ब्रिटनचं जी, स्पेनचं ईसी, आपलं व्हीटी. विमान विकलं, देश बदलला, सैन्यात गेलं की ही अक्षरं बदलतात. बदलत नाही तो कारखान्यातला अनुक्रमांक. डेटाबेसमध्ये नाव बदलतं पण की बदलत नाही, तसं. ब्रिटनच्या नागरी विमान खात्याने जुनी नोंदणी-कार्डं स्कॅन करून ठेवली आहेत, हाताने लिहिलेली, टाइप केलेली, खोडलेली. आपल्या तलाठी कार्यालयातले जुने फेरफार ज्यांनी पाहिलेत त्यांना ती लगेच ओळखीची वाटतील.

तर सरांचा पहिला प्रश्न, कुठलं विमान. ड्रॅगन रॅपिड पहिल्यांदा उडालं एप्रिल १९३४ मध्ये. दोनशे दोनशे अश्वशक्तीची दोन इंजिनं, सहा ते आठ प्रवासी, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. रिकामं असताना वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या गाडीपेक्षा फार जास्त नाही. एका टाकीत सुमारे नऊशे किलोमीटर. त्या काळातली ही हवेतली टॅक्सी होती. आपल्याकडे टाटांच्या विमान कंपनीतही ड्रॅगन रॅपिड होती.

दुसरा प्रश्न, कुणाचं. जी-एसीवायआर हे लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरच्या ऑली एअर सर्व्हिसचं होतं. ऑली हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक, त्याने पुढे भाड्याने विमानं द्यायचा धंदा काढला. म्हणजे जनरलचं विमान जनरलचं नव्हतंच. ते भाड्याचं होतं.

आणि आता बसलं कोण होतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, संयोजकांनी घड्याळ खिशात ठेवावं.

१९३६ च्या जुलै महिन्यात स्पेनमध्ये लोकांनी निवडून दिलेलं डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार होतं, आणि सैन्यातले काही जनरल ते उलथवायच्या तयारीत होते. फ्रान्सिस्को फ्रँको हा त्यातला एक. सरकारला त्याचा संशय होता, म्हणून त्याला लांब कनारी बेटांवर लष्करी प्रमुख करून पाठवलं होतं. आपल्याकडे नको असलेल्या अधिकाऱ्याची गडचिरोलीला बदली करतात तसं. पण स्पेनचं सगळ्यात कसलेलं सैन्य होतं मोरोक्कोत, आणि त्या सैन्याला फ्रँको हवा होता. बेटं ते मोरोक्को, मध्ये समुद्र. स्पेनमधलं विमान वापरलं तर लगेच कळणार. म्हणून विमान इंग्लंडमधून आणायचं ठरलं.

लंडनमध्ये ‘आबेसे’ या स्पॅनिश वर्तमानपत्राचा बातमीदार होता, लुईस बोलिन. त्याच्या मालकाने त्याला फोन करून हे काम सांगितलं. बोलिनला विमानातलं काही कळत नव्हतं, म्हणून तो गेला हुआन दे ला सिएर्वाकडे. हे नाव आमच्यासारख्या इंजिनिअर लोकांना माहीत असतं. ऑटोगायरो, म्हणजे हेलिकॉप्टरचा थोरला भाऊ म्हणा, त्याचा शोध सिएर्वाने लावला. विमान हवेत थांबून कोसळू नये म्हणून डोकं लावणारा अत्यंत हुशार माणूस. ऑलीकडचं विमान घेण्याचं त्याने सुचवलं. पैसे दिले हुआन मार्च नावाच्या बड्या स्पॅनिश धनिकाने.

आता विमान रिकामं पाठवलं तर कुणीही विचारेल कशाला चाललाय. म्हणून सहल आहे असं भासवायचं ठरलं. डग्लस जेरॉल्ड नावाच्या इंग्रज प्रकाशकाने ह्यू पोलार्ड या आपल्या मित्राला फोन केला. पोलार्ड निवृत्त लष्करी अधिकारी, बंदुका आणि शिकारीवर लिहिणारा. त्याला सांगितलं की दोन सोनेरी केसांच्या मुली घेऊन आफ्रिकेला जायचंय. त्याने आपली एकोणीस वर्षांची मुलगी डायना आणि तिची मैत्रीण डोरोथी वॉटसन यांना घेतलं. दोघींना आदल्या दिवशी हे कळलं. मी माझ्या मुलीला आदल्या दिवशी कोल्हापूरला चल म्हटलं तरी ती येत नाही.

११ जुलैला सकाळी क्रॉयडनहून विमान निघालं. वैमानिक कॅप्टन सेसिल बेब. फ्रान्स, पोर्तुगाल, कासाब्लांका, वाळवंटाच्या काठाने खाली, आणि मग ग्रान कनारिया बेटावरचं गांदो हे धावपट्टीचं मैदान. बोलिन कासाब्लांकालाच उतरून थांबला. फ्रँको मात्र शेजारच्या तेनेरिफे बेटावर. पोलार्ड आणि त्या दोघी मुली बोटीने तेनेरिफेला गेल्या, एका दवाखान्यात जाऊन परवलीचं वाक्य सांगितलं, विमान आल्याचा निरोप पोचला.

आता फ्रँकोला सरकारची परवानगी न मागता तेनेरिफे सोडता येत नव्हतं. आणि नेमका १६ जुलैला ग्रान कनारियाचा लष्करी प्रमुख जनरल बाल्मेस पिस्तुलाची गोळी पोटात लागून मेला. पिस्तूल अडकलं होतं, तपासताना सुटलं, असं अधिकृत सांगणं. आन्हेल विन्यास या स्पॅनिश इतिहासकाराचं म्हणणं की तो खून होता. मी न्यायाधीश नाही, पण तारखांचा असा मेळ माझ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये बसला असता तर मी तो पुन्हा तपासायला घेतला असता. अंत्यविधीला जायचं म्हणून फ्रँकोला रीतसर परवानगी मिळाली. १७ तारखेला तो अंत्ययात्रेत चालला, त्याच संध्याकाळी मोरोक्कोतल्या मेलियात बंड सुरू झालं, आणि १८ तारखेला दुपारी तो जी-एसीवायआर मध्ये बसला. रस्त्याने गांदोला जाणं धोक्याचं, म्हणून बंदरातून छोट्या बोटीने समुद्रमार्गे गेला. अंगावर साधे कपडे, खिशात दुसऱ्याचा राजनैतिक पासपोर्ट. मिशी काढून टाकली होती. त्याचाच एक जोडीदार जनरल पुढे टोमणा मारायचा की देशासाठी ह्याने एवढाच एक त्याग केला.

आगादिरला पेट्रोल, रात्री कासाब्लांका, तिथे बोलिन पुन्हा चढला. १९ जुलैच्या सकाळी विमान स्पॅनिश मोरोक्कोतल्या टेटुआनवर घिरट्या घालू लागलं. खाली मैदान कुणाच्या ताब्यात आहे हे वर कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रँकोने खिडकीतून बघितलं, त्याला आपल्या ओळखीचा एक सोनेरी केसांचा अधिकारी उभा दिसला, आणि तो म्हणाला उतरवा.

हे वाचताना सिनेमा बघितल्यासारखं वाटतं. (१९८६ साली ‘ड्रॅगन रॅपिड’ नावाचा स्पॅनिश सिनेमा निघालाही.) मीही ते असंच वाचत होते, हॉटेलच्या खोलीत, मजेत. आणि मग पुढची गोष्ट सापडली.

टेटुआनचं ते मैदान बंडवाल्यांना आपसूक मिळालं नव्हतं. तिथल्या तळाचा प्रमुख मेजर रिकार्दो दे ला पुएन्ते बाहामोन्दे सरकारशी एकनिष्ठ राहिला. सतरा तारखेच्या रात्री मूठभर माणसं घेऊन तो लढला. शरण जाण्याआधी त्याने तळावरची विमानं निकामी केली, बंडवाल्यांच्या हाती लागू नयेत म्हणून. हा मेजर फ्रँकोचा सख्खा मावसभाऊ. लहानपणी एकत्र खेळलेले. बाहामोन्दे हे दोघांच्याही आयांचं माहेरचं आडनाव. फ्रँको ज्या मैदानावर उतरला ते आदल्या दिवसापर्यंत त्याच्या भावाने राखलं होतं. ४ ऑगस्टला त्या भावाला गोळ्या घातल्या. फ्रँकोने काही काळ आपले अधिकार दुसऱ्याकडे दिले, सही आपली नको म्हणून. भावाला माफी दिली नाही.

त्या दिवशी खाली कॉफी प्यायला गेले तेव्हा तो सहकारी भेटला. मी म्हटलं, तू संग्रहालयात का आला नाहीस? त्याने फार काही सांगितलं नाही. त्याच्या आजीचा एक भाऊ होता, १९३६ नंतर तो कुठे गेला हे घरात कुणी बोलत नाही. एवढंच. मग म्हणाला, ते विमान छान आहे पण, नाही का?

मला उत्तर देता आलं नाही, कारण विमान खरंच छान आहे.

आता आपल्या मुंबईशी जुळणारा एक धागा. फ्रँको हा त्या कटाचा म्होरक्या नव्हता. म्होरक्या होता जनरल सानहुर्हो. १९३२ मध्ये त्याचं एक बंड फसलेलं, फाशी होता होता वाचला, नंतर सुटून पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ राहत होता. त्याला स्पेनमध्ये आणायला गेला आन्साल्दो नावाचा धाडसी वैमानिक, पस मॉथ विमान घेऊन. पस मॉथ! हे नाव तुम्ही ऐकलंय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला जे विमान आणलं, ते पस मॉथ. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं. जुन्या लेखांमध्ये सानहुर्होचं विमान दोन मजली पंखांचं होतं असं सर्रास छापलंय. ते चूक आहे, पस मॉथला वरच्या बाजूला एकच पंख असतो. असली चूक पकडली की मला जो आनंद होतो तो माझ्या घरच्यांना कळत नाही.

२० जुलैला कासकाइशजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून हे विमान उडायचं होतं. पोर्तुगीज सरकारला उघड भानगड नको होती, म्हणून चांगला विमानतळ वापरता आला नाही. मी गणित मांडून बघितलं. पस मॉथ रिकामं पावणेसहाशे किलोच्या आसपास, भरून जास्तीत जास्त सव्वानऊशे-साडेनऊशे. इंजिन एकच, १२० अश्वशक्तीचं. पूर्ण पेट्रोल आणि दोन धिप्पाड माणसं बसली की सामानाला फार तर साठ-सत्तर किलो उरतात. सानहुर्हो मोठ्या बॅगा घेऊन आला. आन्साल्दोने सांगितलं वजन जास्त होतंय. सानहुर्होचं म्हणणं असं सांगतात की देशाचा प्रमुख म्हणून मिरवताना गणवेश नकोत का. विमान उचललं गेलं, पण पुरेसं नाही. मैदानाच्या टोकाला झाडं. विमान पडलं, पेटलं. आन्साल्दो वाचला, सानहुर्हो गेला. आपल्या शाळेच्या मागच्या मैदानावरून, चिंचेच्या झाडाकडे तोंड करून, कुणी असं विमान उडवतंय अशी कल्पना करा.

आणि गंमत, गंमत हा शब्द बरोबर नाही, पण १९ तारखेलाच आपलं जी-एसीवायआर बोलिनला घेऊन लिस्बनला आलं होतं. आठ माणसांचं, दोन इंजिनांचं विमान. सानहुर्होला त्यातून जाता आलं असतं. त्याला आन्साल्दोबरोबरच जायचं होतं.

बाकीचे पटकन सांगते. तेच रॅपिड बोलिनला पुढे घेऊन गेलं, तो रोमला पोचला, मुसोलिनीच्या सरकारकडे विमानं मागायला. महिनाअखेर १२ इटालियन बॉम्बर निघाले, ९ पोचले. जर्मनीनेही विमानं दिली, आणि मोरोक्कोतलं सैन्य समुद्रावरून स्पेनमध्ये उतरलं. युद्ध १९३९ पर्यंत चाललं, काही लाख माणसं मेली. फ्रँको १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. कटातला दुसरा मोठा जनरल मोला, तो जून १९३७ मध्ये विमान डोंगरावर आपटून गेला. आणि सिएर्वा? विमान कोसळू नये म्हणून आयुष्य घालवलेला सिएर्वा ९ डिसेंबर १९३६ ला क्रॉयडनहून प्रवासी म्हणून निघाला, विमान उडताच धुक्यात घरांवर आदळलं. त्याच क्रॉयडनहून, पाच महिन्यांनी.

आणि आपलं विमान ऑलीकडे परत गेलं. भाड्याचं काम पुन्हा सुरू. कुणी व्यापारी, कुणी शर्यतीला जाणारे. १९५७ साली ते फ्रँकोला भेट देण्यात आलं, तेव्हा कुठे ते जनरलचं विमान झालं. एकवीस वर्षांनी. आता ते चार वाऱ्यांच्या विमानतळावर उभं आहे.

सेसिल बेब म्हातारपणी टीव्हीवर बोलला होता. त्याला निघताना कुणा मोरोक्कन रिफ पुढाऱ्याला आणायचंय, त्याने तिथे बंड करायचंय, असं सांगितलेलं. आणि त्याला वाटलं, वा, काय मजेचं साहस. म्हणजे त्याला पूर्ण माहीत नव्हतं. पण काहीच माहीत नव्हतं असंही नाही. बंड करायला चाललोय हे माहीत होतं. कुणाचं ते माहीत नव्हतं. फ्रँकोने पुढे बेबला, पोलार्डला, त्या दोघी मुलींनाही मानचिन्हं दिली.

मी या बेबवर का अडकले ते सांगते. हे मी इथे बोलणार नव्हते, पण रात्री जागरणात दोघीतिघींना सांगितलं आणि त्या म्हणाल्या बोल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत होते. मॅनेजरने एक रिपोर्ट मागितला: प्रत्येकाचं ओळखपत्र गेटवर किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, सहा महिन्यांचं, तास लावून. मी म्हटलं कशाला हवंय? ते म्हणाले, जागेचं नियोजन, किती खुर्च्या लागतात ते बघायचंय. मला खटकलं होतं. खुर्च्या मोजायला नावं कशाला लागतात? पण क्वेरी छान जमत होती. दोन तक्ते जोडायचे होते, रात्रपाळीचा घोळ सोडवायचा होता, मी तो इतका सुंदर सोडवला की मलाच कौतुक वाटलं. चार महिन्यांनी माणसं कमी केली तेव्हा कुणाच्या तरी टेबलावर माझाच तक्ता होता, मीच निवडलेले रंग. कमी तास असलेली नावं लाल. त्यात माझी एक मैत्रीण होती. तिच्या आईचं केमो चालू होतं, ती आठवड्यातून दोनदा लवकर निघायची आणि घरून रात्री काम करायची. घरून केलेलं काम गेटवर दिसत नाही.

मला पूर्ण माहीत नव्हतं. पण काहीच माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण मी विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर मला पटलं नव्हतं.

मी तिला कधी सांगितलं नाही. माद्रिदहून आल्यावरही लगेच नाही. गेल्या महिन्यात हे भाषण लिहायला बसले तेव्हा फोन केला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हे आत्ता सांगतेस होय?” आणि मग तिच्या मुलाच्या बारावीबद्दल बोलत राहिली. फोन तिने ठेवला, मी नाही.

ती आता बरी आहे, दुसरीकडे नोकरी लागली तिला, पण मधलं दीड वर्ष गेलं. आई त्या दीड वर्षातच गेल्या.

रात्री कुणीतरी म्हणालं की तू नसतीस केली तर दुसऱ्याने केली असती ती क्वेरी. खरं आहे. बेब नाही म्हणाला असता तर क्रॉयडनला दुसरा वैमानिक मिळाला असता. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. ते चूक नाही, पण त्याने काही सुटतही नाही. आता माझ्या टीममध्ये असा काही रिपोर्ट मागितला की मी विचारते हा कोण बघणार आहे, आणि उत्तर ईमेलवर मागते. दोनदा उत्तर आलंच नाही, आणि ते काम तिथेच थांबलं. एकदा उत्तर आलं आणि मला करावं लागलं. टीममधल्या पोरांना वाटतं मॅडमना उगीच प्रश्न विचारायची खोड आहे.

शेवटचं एक. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, २४ तारखेला, दिवाळीची साफसफाई चालू होती माझी, आणि माद्रिदच्या त्या सहकाऱ्याने एक दुवा पाठवला. थेट प्रक्षेपण. फ्रँकोला ज्या भव्य स्मारकात पुरलं होतं तिथून सरकारने त्याची शवपेटी बाहेर काढली होती. घरच्यांनी ती खांद्यावरून बाहेर आणली, आणि पुढे माद्रिदच्या बाजूच्या साध्या दफनभूमीत नेण्यासाठी ती हेलिकॉप्टरमध्ये ठेवली. हातात फडकं घेऊन मी ते उभ्या उभ्या बघितलं. हेलिकॉप्टर उचललं जाताना त्याचा मेसेज आला: नोंदणी क्रमांक वाचता येतोय का बघ, तुला हवा असेल.

मी मोठा करून बघितला. वाचता आला नाही, धूळ होती.

त्यानंतर महिनाभराने तो संग्रहालयात जाऊन आला. मुलाला घेऊन. त्याने काढलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे: मुलगा विमानाच्या पुढच्या भागाकडे बघतोय, आणि हा फोटो काढणारा, त्याची फक्त सावली जमिनीवर. कुणाला बघायचा असेल तर जेवताना दाखवते.

आणि सर, तो निबंध आईने माळ्यावर जपून ठेवला होता, मी घेऊन आलेय. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पाठीमागच्या पानावर लिहिली आहेत. लाल पेनही आणलंय.